मुदत संपण्याआधी ऐकू येणारा वकील

चेक न वटता परत आला की बँक सोबत एक मेमो देते. तो मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस पोचल्यावर पैसे भरायला त्याला पंधरा दिवस मिळतात. तेही उलटले की पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करायची. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ आणि १४२ मधलं हे वेळापत्रक कुठल्याही वकिलाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ज्याचा चेक परत आलाय त्या किराणा दुकानदाराला मात्र ते ठाऊक नसतं. समोरचा ओळखीतला असतो, ‘दिवाळी होऊ द्या, नक्की देतो’ म्हणतो, आणि दुकानदार थांबतो. चार महिन्यांनी तो मेमो घेऊन वकिलाच्या दारात उभा राहतो, तेव्हा नोटिशीची मुदत गेलेली असते, चेकची तीन महिन्यांची वैधताही संपलेली असते. हाती उरतो तो वर्षानुवर्षं रेंगाळणारा दिवाणी दावा. वकीलसाहेब कागद बघतात आणि विचारतात, ‘‘आधी का नाही आलात?’’

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक कोर्टाच्या आवारात रोज ऐकू येतो. फेरफाराची नोटीस आली होती, पंधरा दिवसांत तलाठ्याकडे हरकत नोंदवायची होती, नोंदवली नाही. बेलिफाने दाव्याचं समन्स दिलं, तीस दिवसांत कैफियत द्यायची होती, समन्स कपाटातल्या साडीखाली राहिलं. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जायचं असतं, गडी कंपनीला पत्रं लिहीत अडीच वर्षं बसला. यातल्या काही ठिकाणी सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण त्या माफीसाठीच वेगळा अर्ज, वेगळ्या तारखा, वेगळी फी. कायद्यात हक्कापेक्षा मुदत आधी बघतात, आणि नेमकी मुदतच सामान्य माणसाला कुणी सांगितलेली नसते.

वकिलांनी स्वतःचा पॉडकास्ट सुरू करावा असं मला वाटतं ते या प्रश्नासाठी. नाव होईल, ओळखी वाढतील, ज्युनियर मंडळींना बोलण्याचा सराव होईल, ही कारणं दिली जातात आणि ती खोटीही नाहीत. पण माणूस अडचणीत सापडण्याआधी त्याच्यापर्यंत पोचायची वाट वकिलाकडे आजवर जवळपास नव्हती. चेंबरमध्ये येतो तो आधीच उशीर झालेला पक्षकार. उशीर होण्याआधीचा माणूस ट्रॅक्टर चालवत असतो, पोळ्या लाटत असतो, लोकलमध्ये उभा असतो. तो कायद्याचं पुस्तक उघडणार नाही. कानात वायर घालून वीस मिनिटं ऐकेल मात्र.

त्यात भाषेची अडचण मोठी आहे. महाराष्ट्रातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना राज्य शासनाने २१ जुलै १९९८ रोजी काढली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच राहिली, म्हणजे कायद्याचा अर्थ जिथे ठरतो तिथली भाषा इंग्रजी. बरं, कायद्यांचे मराठी अनुवाद आहेत, पण ते वाचून बघा. चेक वटला नाही म्हणून हवालदिल झालेला माणूस ‘परक्राम्य संलेख अधिनियम’ या नावाचं काहीतरी आपल्या कामाचं असेल अशी कल्पना तरी करू शकेल का? ही दरी अनुवादाने भरत नाही. ती भरते जेव्हा जाणता माणूस समोर बसून बोलल्यासारखं सांगतो. चेंबरमध्ये वकील हेच करतात: ‘‘हे बघा दादा, सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, तो महसुलाचा कागद आहे.’’ हेच वाक्य हजार जणांना एकदम ऐकू गेलं पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

जाणत्यांनी गप्प बसायचं ठरवलं की रिकामी जागा भलतेच लोक भरतात. ‘डिजिटल अरेस्ट’ हे त्याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण. पोलिसाचा गणवेश घातलेला एक चेहरा व्हिडिओ कॉलवर येतो, तुम्हाला अटक झाली आहे म्हणतो, आणि निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतून रिटायर झालेली माणसं आयुष्यभराची पुंजी त्याच्या खात्यात भरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं की असली अटक कायद्यात नाहीच. अटक प्रत्यक्ष होते, तिची कारणं सांगावी लागतात, अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. घटनेच्या अनुच्छेद २२ मधली ही गोष्ट घरोघर माहीत असती, तर त्या कॉलवरचा माणूस पहिल्या मिनिटाला उघडा पडला असता. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा. म्हणजे पुन्हा मुदतच आली, फक्त इथे ती तासांची आहे.

वकिलाने लोकांशी बोलावं, यात आपल्याकडे नवीन काही नाही. टिळक एलएल.बी. झालेले होते आणि १८८१ मध्ये केसरी सुरू झाला तेव्हा ते त्यात होते. बॅरिस्टर आंबेडकरांनी वकिली चालू असतानाच १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढलं. पण पॉडकास्टच्या अगदी जवळ जाणारं उदाहरण म्हणजे नानी पालखीवाला. १९५८ मध्ये मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलातल्या एका छोट्या सभागृहात त्यांनी अर्थसंकल्प समजावून सांगणारं भाषण केलं. पुढे ऐकणारे इतके वाढले की ते भाषण ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यावं लागलं. करकायद्यासारखा रुक्ष विषय, हातात कागद नाही, आणि समोर क्रिकेटच्या मैदानावर बसलेले हजारो लोक. कठीण कायदा सोपा करून सांगणारा माणूस मिळाला तर लोक ऐकायला येतात, याचा याहून सबळ पुरावा मला माहीत नाही. ते भाषण इंग्रजीत असे. मराठीतलं तसं मैदान अजून रिकामं आहे.

आता इथे बहुतेक वकील मान हलवतात. ‘‘जमणार नाही. नियम छत्तीस.’’

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला हा ३६ वा नियम सांगतो की वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागू नये, जाहिरात करू नये. परिपत्रकं, दलाल, ओळखीपाळखीबाहेरच्या भेटीगाठी यांचा वापर करू नये. आपण चालवत असलेल्या खटल्याबद्दल वर्तमानपत्रात मजकूर पेरू नये, फोटो छापून आणू नये. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर आपण अमुक कामात विशेष प्रवीण आहोत असं लिहिता येत नाही. २००८ मध्ये एवढी सवलत मिळाली की वकिलाला स्वतःचं संकेतस्थळ ठेवता येईल, पण त्यावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहितीच.

हा नियम ब्रिटिश काळातल्या खानदानी संकोचाचा अवशेष आहे असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्र बार कौन्सिलने नेलेलं एक प्रकरण आलं होतं. मुंबईतल्या फौजदारी न्यायालयाच्या दारात काही वकील उभे राहायचे, येणाऱ्या पक्षकारावर झडप घालायचे, त्याच्या हातातले कागद ओढायचे, कधी कधी एकमेकांशी हातघाईवरही यायचे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात वकिली हा धंदा नाही हे फार कडक शब्दांत बजावलं. घाबरलेला पक्षकार हा बाजारातला गिऱ्हाईक नसतो, त्याला ओढाताण करून पटवू नये, हा विचार मला आजही पटतो. अमेरिकेने दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, उलट रस्ता धरला: ॲरिझोनातल्या दोन वकिलांनी वर्तमानपत्रात दरपत्रकासह जाहिरात दिली होती, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती वैध ठरवली. तिथले वकिलांचे पॉडकास्ट पक्षकार मिळवण्याचं साधन म्हणून उघडपणे चालतात. तिथली पुस्तकी सूत्रं इथे जशीच्या तशी उचलली, तर सनद धोक्यात येईल. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने प्रसिद्धीपत्रक काढून अभिनेते आणि समाजमाध्यमांवरचे प्रसिद्ध चेहरे यांच्याकरवी केलेल्या वकिलांच्या जाहिरातींबद्दल सक्त ताकीद दिली. वकील कायद्याच्या कलम ३५ खाली ताकिदीपासून सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

पण छत्तीसावर थांबणारे लोक पुढचं पान उलटत नाहीत. त्याच नियमांमध्ये ५१ वा नियम आहे. कायद्याची पुस्तकं संपादित करणं, विद्यार्थ्यांना शिकवणं, प्रश्नपत्रिका काढणं यांच्या जोडीला, जाहिरातबंदी आणि पूर्णवेळ नोकरीची बंदी पाळून, वकिलाला प्रसारण, पत्रकारिता, व्याख्यानं आणि अध्यापन करता येईल असं तो स्पष्ट सांगतो. प्रसारण हा शब्द त्या नियमात आहे. तो लिहिला गेला तेव्हा डोळ्यांसमोर आकाशवाणी असणार. पॉडकास्ट हे नावच २००४ मध्ये जन्मलं. तरी काम तेच आहे: आवाजातून ज्ञान पोचवणं. दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचले की रस्ता सरळ दिसतो. कायदा सांगा, स्वतःला विकू नका.

व्यवहारात याचा अर्थ असा. भागाच्या शेवटी आपला फोन नंबर नको, ‘सल्ल्यासाठी भेटा’ नको, जिंकलेल्या खटल्यांची उजळणी नको. स्वतःकडे चालू असलेल्या किंवा होऊन गेलेल्या प्रकरणाचा उल्लेखही नको, नाव बदलून तर मुळीच नको. तालुक्याच्या गावात ‘एका हॉटेलमालकाचा भावाशी वाद होता’ एवढं म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन, जे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, ते वकीलपत्र संपल्यावरही संपत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची किंवा बालकाची ओळख पटेल असा धागादेखील सोडायचा नाही, तो स्वतंत्र गुन्हा आहे. उदाहरण हवंच असेल तर छापील निकालातलं घ्यावं. नाहीतर सरळ ‘समजा’ म्हणून सुरुवात करावी. आपल्या आज्या गोष्ट सांगताना तेच करायच्या.

मग बोलायचं कशावर? इथे मोह असतो तो मोठ्या विषयांचा: घटनेची मूलभूत चौकट, न्यायाधीशांच्या नेमणुका. ते विषय महत्त्वाचे आहेत, त्यावर बोलणारेही आहेत. पण तालुक्याच्या वकिलाकडे जे आहे ते दिल्लीत बसलेल्या कुणाकडे नाही. भाड्याने घर देताना लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची असते, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम ५५. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बिल्डर सोसायटीच्या नावे जमीन करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरण, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, ते कसं मिळवायचं. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलं, मग पोलीस ठाण्यात दिलेला कागद कसा वाचायचा. एकेका भागात एकच प्रश्न, आणि त्या प्रश्नातली मुदत सुरुवातीलाच. श्रोता पाचव्या मिनिटाला गाडीतून उतरला तरी ती त्याच्यासोबत उतरली पाहिजे.

ऐकण्याचा कायदा वाचण्याच्या कायद्याहून वेगळा असतो. कागदावर नजर मागे नेता येते, कानाला ती सोय नसते. ‘कलम १३८, परंतुक ख’ हे कानावरून घरंगळून जातं. ‘मेमो आला, कॅलेंडरवर तीस दिवसांनी खूण करा’ हे राहतं. वाक्यं लहान, महत्त्वाचा आकडा दोनदा, आणि शब्द आपल्या भागातले. पश्चिम महाराष्ट्रात ‘तारीख’ पडते, विदर्भात ‘पेशी’ असते. नागपूरच्या वकिलाने पुण्यासारखं बोलायची गरज नाही. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द धरले तर वीस मिनिटांना अडीच हजार शब्द लागतात, म्हणजे तयारी एका चांगल्या युक्तिवादाएवढीच. मात्र लिहिलेलं वाचून दाखवू नये. मुद्दे समोर ठेवून, ज्याला काहीच ठाऊक नाही अशा एखाद्या मावशीला समोर कल्पून बोलावं.

यंत्रसामग्रीचा बाऊ करण्यासारखं काही नाही. साधा डायनॅमिक माइक आजूबाजूचा आवाज कमी पकडतो, म्हणून रस्त्यालगतच्या चेंबरसाठी तो बरा. पंखा बंद करायचा. जुन्या वकिलांच्या चेंबरमध्ये भिंतभर निकालपत्रांचे खंड असतात. त्या पुस्तकांमुळे आवाज घुमत नाही, स्टुडिओवाले त्यासाठी पैसे मोजतात. ध्वनिमुद्रण कापायला, जोडायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. बोलण्यासाठी सेकंदाला ६४ किलोबिटची एमपी३ पुरेशी होते, वीस मिनिटांचा भाग दहा एमबीच्या आत बसतो, आणि व्हॉट्सॲपवरून गावभर फिरायला हा आकार सोयीचा आहे. एक गोष्ट मात्र जपावी: भाग कुठल्याही एका ॲपच्या स्वाधीन न करता आपली आरएसएस फीड, म्हणजे ज्या दुव्यावरून सगळी ॲप्स भाग उचलतात तो, आपल्या हातात ठेवावी. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा ज्यांची फीड स्वतःची होती त्यांचे श्रोते दुसऱ्या ॲपवरून तोच कार्यक्रम ऐकत राहिले. वेळ कुठून आणायचा, तर मे महिन्याच्या सुटीतून. सुटीत आठ भाग करून ठेवले तर दर पंधरवड्याला एक याप्रमाणे चार महिने निघतात.

सगळ्यात अवघड काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कायदा बदलतो, भाग तसाच राहतो. मुलींच्या वडिलोपार्जित मालमत्तेतल्या हक्काचं बघा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला सहदायिक, म्हणजे जन्मतःच हिस्सेदार, केलं, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली. मग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी, विनिता शर्मा प्रकरणात, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की हक्क जन्माने मिळतो, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकलता येणार नाहीत. आता समजा, एका अभ्यासू वकिलाने २०१६ मध्ये या विषयावर उत्तम भाग केला. त्यात त्यांनी सांगितलं की २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या आणि २००३ मध्ये वडील गेलेल्या बहिणीला हा हक्क नाही. त्या दिवशी ते अचूक होतं. आज ती बहीण तो भाग ऐकेल आणि गप्प बसेल. कोर्टात जाण्याआधीच, एका प्रामाणिक आवाजाने, तिचा दावा फेटाळला जाईल.

म्हणून प्रत्येक भाग तारखेने सुरू व्हावा: आज अमुक तारीख, आजचा कायदा असा. वर्षातून एकदा सगळे जुने भाग तपासावेत, जो शिळा झाला तो काढावा किंवा त्याच्या सुरुवातीला दुरुस्ती जोडावी. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पॉडकास्ट करू नये, इतक्या कडकपणे मी हे म्हणेन.

तारखेइतकीच सरहद्दही सांगायला हवी. मराठी ऐकणारा माणूस पणजीतही असतो, आणि तिथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसा कायदा चालतो. सातारच्या वकिलाने ‘बाप आपली स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो’ असं सांगितलं तर ते साताऱ्यात खरं आहे. गोव्यात मुलाबाळांचा अर्धा वाटा राखीव असतो, बाप इच्छेनुसार देऊ शकतो तो उरलेला अर्धाच. ‘हे महाराष्ट्रापुरतं आहे’ ही पाच सेकंदांची सूचना एका घरातला तंटा वाचवू शकते.

वकील बंधुभगिनींनो, येत्या मे महिन्यात पहिला भाग करा, आणि तो चेकच्या तीस दिवसांवर करा. शेवटी स्वतःच्या फोन नंबरच्या जागी १५१०० हा नंबर दोनदा सांगा. ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी आहे. स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली माणसं यांना १९८७ च्या कायद्यानुसार, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.